एकाच पुस्तकाच्या सात प्रती हव्या आहेत

उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी ते बारावीच्या ६० विद्यार्थ्यांसाठी आमचं सार्वजनिक वाचनालय सहा आठवड्यांचा वाचन-लेखनाचा उपक्रम चालवणार आहे. त्यासाठी पुस्तकं आणि वह्या हव्या आहेत. त्याहून मोठी गरज आहे ती आठवड्याला दोन तास देऊ शकणाऱ्या माणसांची. मदत करायची इच्छा पुष्कळांना असते. ती नेमक्या जागी लागावी म्हणून थोडं सविस्तर लिहीत आहोत.

सुट्टीतल्या वाचनाची यादी मुलांच्या हाती पडते आणि पहिली अडचण तिथेच सुरू होते. यादीतल्या पुस्तकाची वाचनालयात बहुधा एकच प्रत असते. एकेकाने ती पंधरा दिवस ठेवली, तरी तिघांतच सहा आठवडे संपतात. बाकीचे थांबून राहतात, मग शेवटच्या दोन दिवसांत कुठून तरी सारांश मिळवून वहीत उतरवतात. अशा मुलांना आळशी म्हणणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. सुट्टीत तर तो आधी पाळायला हवा.

म्हणून यंदा सहा-सहा विद्यार्थ्यांचे दहा गट केले आहेत. प्रत्येक गटाचं एक ठरलेलं पुस्तक असेल: सहा प्रती मुलांना, सातवी गटप्रमुखाला, म्हणजे गट सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला. म्हणजे दहा पुस्तकांच्या प्रत्येकी सात, एकूण ७० प्रती. याखेरीज आपापल्या आवडीने निवडायच्या दुसऱ्या पुस्तकासाठी ९० निरनिराळी पुस्तकं लागतील. मुलं ६० असताना पुस्तकं ९० का, असं कुणी विचारेल. पुस्तकं मोजून ६० ठेवली, तर शेवटच्या दहा-पंधरा मुलांना उरलेलं घ्यावं लागतं. त्याला निवड म्हणता येत नाही.

सातही प्रती एकाच आवृत्तीच्या असाव्यात, ही आमची कळकळीची विनंती आहे. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलतात. चर्चेत एक जण पान ६२ म्हणतो, दुसऱ्याच्या प्रतीत ते वाक्य ७१ वर असतं आणि निम्मा वेळ शोधाशोधीत जातो. संक्षिप्त आवृत्ती पूर्ण आवृत्तीत मिसळली, तर काही मुलांनी ते प्रकरण वाचलेलंच नसतं. तुमच्याकडे एकच प्रत असेल तर ती खुशाल द्या, आवडीच्या पुस्तकांत ती उपयोगी पडेल.

गटाचं पुस्तक साधारण १८० पानांचं असावं. पानाला सुमारे २५० शब्द धरले तर ४५,००० शब्द होतात. मिनिटाला १५० शब्दांच्या सावकाश गतीने त्याला पाच तास लागतात, म्हणजे रोज नऊ पानं, पंधरा मिनिटं, वीस दिवस. थांबून नोंद करायला आणखी दहा मिनिटं धरू. हा हिशेब मुलांपुढे पहिल्याच दिवशी मांडायचा आहे, कारण जाड पुस्तकाची धास्ती आकडा कळला की बरीच कमी होते.

पुस्तक पाठवण्यापूर्वी ते उघडून बघा. पुठ्ठा पूर्ण उघडल्यावर पाठीचा डिंक तडकत असेल, तर सहा आठवड्यांत पानं सुटणार. पानांचे आकडेही चाळून घ्या. पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे घडी घातलेल्या जुड्यांत, छापली जातात. बांधणीत एखादा फर्मा राहून गेला किंवा दोनदा लागला, तर ४८ नंतर एकदम ६५ येतं किंवा ३३ पुन्हा सुरू होतं. हे मुलाला पुस्तक वाचता वाचता कळलं, तर त्याचं वाचन तिथेच थांबतं. दमट वास येणारं, बुरशीचे ठिपके पडलेलं किंवा कसर लागलेलं पुस्तक कृपया देऊ नका. शेजारची चांगली पुस्तकंही त्याने खराब होतात. गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं आणि अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीही नकोत.

वह्या ६० लागतील, प्रत्येकी शंभर पानी, आखीव. पेन्सिली १२०. वही अशी वापरायची: डाव्या पानावर पुस्तकातलं एखादं वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांकासह, उजव्या पानावर ते का थांबवून गेलं, काय पटलं नाही, कोणता प्रश्न पडला. आठवड्याला अशा तीन नोंदी, प्रत्येकी पाच-सहा ओळींच्या. सारांश मागायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. सारांश आयता मिळतो, पण ६२ व्या पानावरच्या एका वाक्याबद्दल स्वतःला काय वाटलं, हे दुसऱ्या कुणाकडून आणता येत नाही.

या वह्या वाचायला माणसं हवीत. दहा गटप्रमुख आणि तीन राखीव, असे तेरा जण. गटप्रमुखाने आठवड्यातून एकदा सहा वह्या वाचायच्या, वहीला दहा मिनिटं धरली तर एक तास. मग पाऊण तास गटाची चर्चा. उरलेली पंधरा मिनिटं ज्याची वही आली नाही त्याची चौकशी करायला, आणि ही पंधरा मिनिटं वगळू नका. गळती बहुतेक दुसऱ्या आठवड्यात होते: नवेपणा ओसरलेला असतो आणि पुस्तकाने अजून पकड घेतलेली नसते. त्या वेळी कुणी साधं विचारलं, तरी मूल परत येतं.

भाषेच्या पदवीची अट नाही. अट एकच, वहीत लाल शाई चालवायची नाही. शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीवर गोल काढला की पुढच्या आठवड्यात नोंद दोन ओळींवर येते. चूक टाळायचा सोपा उपाय म्हणजे कमी लिहिणं, हे मुलं लगेच ओळखतात. प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलीने एक खरा प्रश्न लिहा. वह्या दर आठवड्यालाच बघायच्या, यालाही कारण आहे. शिकलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं. दरम्यान आठवण करून दिली तर विसरणं मंदावतं. सुट्टीच्या शेवटी एकदम तपासलेल्या वहीने हे साधत नाही.

चौथ्या आठवड्यापासून मुलं ६०० शब्दांचा लेख लिहायला घेतील: एक मत, त्याला पुस्तकातले दोन पुरावे पान क्रमांकासह, आणि उलट बाजूचा एक मुद्दा. कच्चा खर्डा पाचव्या आठवड्यात येईल. तो तीन दिवसांत परत मिळायला हवा, नाहीतर सहाव्या आठवड्यात पुन्हा लिहायला वेळ उरत नाही. ज्यांना खर्डे वाचण्यापुरताच वेळ आहे, त्यांनी तसं सांगावं. दोन-तीन जणांचीही तिथे मोठी मदत होईल.

ज्यांना छापील मजकूर वाचणं अवघड जातं, अशा विद्यार्थ्यांना गटाबाहेर ठेवायचं नाही. त्यांच्यासाठी मोठ्या, १८ पॉइंट अक्षरातली पुस्तकं असतील तर जरूर द्या. मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण करणारेही हवे आहेत. मिनिटाला १२० शब्दांनी ४५,००० शब्दांना सव्वासहा तास लागतात, तेव्हा एका पुस्तकाला तीन वाचक असलेले बरे. हे ध्वनिमुद्रण फक्त त्या विद्यार्थ्यांनाच दिलं जाईल.

पुस्तकं सुट्टी लागण्याच्या तीन आठवडे आधी पोचावीत. तपासणं, कव्हर घालणं, नोंद करणं याला पुस्तकामागे दहा मिनिटं धरली तरी १६० पुस्तकांना सुमारे २७ तास होतात; चौघे रोज दोन तास बसले तर चार दिवस. सात प्रतींच्या संचात दोन प्रती कमी पडल्या तर त्या त्याच आवृत्तीत शोधायला उरलेले दिवस लागतात. पैशाच्या रूपाने मदत करायची असेल, तर एका पूर्ण संचाचा किंवा एका गटाच्या वह्या-पेन्सिलींचा भार उचला, पावती मिळेल. काही संच अपुरे आहेत, त्यांची यादी देवघेवीच्या टेबलावर ठेवली आहे. नवीन पुस्तकं घेण्याआधी ती यादी पाहा. पुस्तकांसोबत चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष, प्रतींची संख्या आणि उपक्रम संपल्यावर ती परत हवी आहेत की वाचनालयात ठेवायची, एवढं लिहा.