ओंकार, कामाचे तास कागदावर मांड

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू जेवायला बसलास तेव्हा ताटाशेजारी लॅपटॉप उघडाच होता. वाटीतल्या तांबड्या रश्श्यावर तवंग गोठला, तरी तुझा हात मेलवरून निघाला नाही. बोलले असते तर पानावरून उठला असतास, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

बँकेत दर मार्च एंडला माझं हेच व्हायचं. साहेबांनी दुसऱ्या टेबलाचं काम पुढ्यात टाकलं की मी "हो, करते" म्हणायचे. एका वर्षी तीन आठवडे रोज रात्री दहाला घरी आले आणि एका सकाळी ऑफिसच्या जिन्यातच चक्कर आली. बीपी १८०/११०. आठ दिवस रजेवर होते, आणि तेवढ्यात माझं टेबल दोघांना मिळून सांभाळावं लागलं. काम दोघांचं होतं, पण मी कधी बोललेच नाही, तर कुणाला कळणार?

लहानपणी तुला राधानगरीला नेलं होतं, आठवतं? धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडू लागतात, बटण दाबावं लागत नाही. माणसाला ती सोय नाही रे पोरा. तोंड आपणच उघडावं लागतं.

सोमवारी हातातली सगळी कामं एका कागदावर लिही, प्रत्येकापुढे खरोखर लागणारे तास मांड आणि तो कागद मॅनेजरसमोर ठेव. "जमणार नाही" म्हणू नकोस. "यातलं आधी कोणतं करू आणि मागे कोणतं ठेवू?" एवढंच विचार. ठरेल ते लगेच मेलवर टाक. तोंडी ठरलेलं डेडलाईनच्या दिवशी कुणाला आठवत नाही, हे मी २८ वर्षं पाहिलंय.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास आहे: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त. तुझे तास मी मोजले. ७० भरले.

झोप उडत असेल, रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन लाव. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यात लाज कसली?

शनिवारी ये. बाबा सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, त्यांच्यासोबत जा. लॅपटॉप पुण्यालाच ठेव. तू पानावर बसलास की मगच रस्सा वाढेन.

तुझी,
आई