हुशार मूलही आधी मूलच असते

संपादक महोदय,

असामान्य बुद्धीच्या मुलांचे कौतुक पुष्कळ होते. ती मोठेपणी समाधानाने जगतील का, याची काळजी मात्र फारशी कोणी करत नाही. अमेरिकेतला विल्यम सायडिस हा असाच एक मुलगा १९०९ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे तो प्रसिद्धीपासून पळत, साध्या कारकुनी नोकऱ्या करत जगला आणि १९४४ मध्ये वारला. कारकुनीत कमीपणा नाहीच. पण त्याला शांतपणे वाढू दिले गेले नाही, याचे फार वाईट वाटते.

अशा मुलांची वाढ सर्व बाजूंनी सारखी नसते. दहा वर्षांचे मूल बीजगणित पंधरा वर्षांच्या मुलासारखे सोडवते आणि खेळात हरल्यावर सहा वर्षांच्या मुलासारखे रडते. ‘एवढा हुशार असून रडतोस?’ हा प्रश्न त्याला कधीच विचारू नये. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर हिरमुसली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने टिकून राहिली.

शाळांना कळकळीची विनंती : वर्गाच्या पुढे गेलेल्या मुलाला त्याच सोप्या गणितांचा ढीग देऊन गप्प बसवू नका. जिथे ते अडेल, चुकेल, असे काम द्या. आवडी जुळणारे सोबती मिळवून द्या, मग ते वयाने मोठे का असेनात. आणि पालकांनी पाहुण्यांसमोर त्याची परीक्षा घेणे आजपासून थांबवावे.

– एक शिक्षिका