‘पालकांचे दुर्लक्ष’ हे शब्द मागे घ्यावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली ‘हृदयाला छिद्र असलेल्या बालकाला नवजीवन’ ही बातमी वाचली. बाळ वाचलं, मनापासून आनंद झाला. पण तिसऱ्याच ओळीत आपल्या वार्ताहरांनी लिहिलंय, ‘पालकांच्या दुर्लक्षामुळे आजार उशिरा लक्षात आला.’ रात्री त्या ओळीनं मला झोप लागू दिली नाही. ती आई किती दवाखान्यांचे उंबरे झिजवून आली, हे तिला कोणी विचारलं का?

माझ्या नातवाला टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयाचा जन्मजात दोष होता. त्यात छिद्र तर असतंच, शिवाय फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. मग अशुद्ध रक्त छिद्रातून पलीकडे जातं, अंगभर फिरतं आणि मूल निळं पडतं. दीड वर्षाचा असताना तो अंगणात चार पावलं धावायचा आणि उकिडवा बसायचा. पुन्हा चार पावलं, पुन्हा उकिडवा. आम्हाला ती त्याची खोड वाटायची. आंघोळीला रडला की ओठ जांभळासारखे व्हायचे. सून म्हणायची, “आई, ह्याचे ओठ बघा ना.” तालुक्याच्या डॉक्टरांकडे ती त्याला तीनदा घेऊन गेली. एकदा थंडीनं होतं म्हणाले, मग रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. पुढे मुंबईत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 17 च्या वर. प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवत राहतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि फुप्फुसाकडे थोडं जास्त रक्त जातं, म्हणून ही मुलं तशी बसतात. दीड वर्षाच्या लेकरानं आपला उपाय आपणच शोधला होता, आणि आम्ही त्याला हाताला धरून उठवत होतो.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी सूर्यग्रहण होतं. सुनेला सातवा महिना. तिनं विळीवर भाजी चिरली, आणि मुलाचं दुखणं कळल्यावर मी तिला त्याची आठवण करून दिली. चार बायकांसमोर. मी तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. ती काही बोलली नाही, नुसती आत गेली. मुंबईत डॉक्टरांना भीत भीत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “आजी, हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच घडतं. सातव्या महिन्यात चिरलेल्या भाजीचा काय संबंध?” मी त्याच बाकावर सुनेचे हात धरले.

आजार ओळखला तो आरबीएसकेच्या पथकानं. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमधून सुरू झालेला हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. करोनात तपासण्या थांबल्या होत्या. पुन्हा गाडी आली तेव्हा अंगणवाडीताईनं नातवाला स्वतः उचलून पुढे केलं. डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावली, पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण, फक्त 76 टक्के. पुढची टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ऑपरेशन, सगळं योजनेतून झालं, आम्हाला पैसा लागला नाही. पण ऑक्सिमीटर आमच्याही घरात होता हो! 2021 मध्ये घेतलेला. घरातल्या सगळ्यांनी दिवसातून चारदा बोटं घातली. लेकराच्या बोटाला लावावा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. जन्मल्यावर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला हे यंत्र लावून पाहिलं, तर हृदयाचे कित्येक गंभीर दोष तिथेच संशयात येतात. पाच मिनिटांचं काम. हे प्रत्येक प्रसूतिगृहात होतं का, हे आपल्या वार्ताहरांनी विचारायला हवं होतं.

बातमीत ‘दुर्मिळ आजार’ म्हटलंय. हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, हे दुर्मिळ कसं? ‘वैद्यकीय चमत्कार’ही म्हटलंय. निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया बाल्टिमोरला 1944 मध्ये झाली. ती प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवून दाखवणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या मागे स्टुलावर उभे राहून एकेक टाका सांगत होते. 1954 पासून हा दोष हृदय उघडून दुरुस्त करतात. इतक्या वर्षांची मेहनत आहे ती, तिला चमत्कार म्हणू नये. आणि ‘आता पूर्ण बरा’ असंही लिहू नये. आमच्या नातवाच्या हृदयाची झडप गळते. दरवर्षी इको करावा लागतो, पुढे कधी झडप बदलावीही लागेल. हे वाचून एखादं घर तपासणीला जाणं सोडून देईल.

आणखी एक. मागच्या ग्रहणाच्या आदल्या दिवशी आपल्याच अंकात ‘गर्भवतींनी काय पाळावे’ अशी चौकट होती. चिरू नये, शिवू नये, झोपू नये. ती वाचून कुठल्या तरी सासूनं सुनेला ऐकवलं असेल, मी ऐकवलं तसंच. त्या जागी बाळाचे ओठ, नखं, दूध पिताना येणारा घाम आणि धाप यांवर चार ओळी छापा. मजकूर हवा असेल तर मी लिहून देते, एखाद्या बालहृदयरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

आणि ‘दुर्लक्ष’ हा शब्द मागे घेतल्याची दुरुस्ती पहिल्या पानावर यावी. त्या बाळाच्या गावातही आपला अंक जातो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. जालना