मधल्या सुट्टीकडे लक्ष द्या

संपादक महोदय,

पहिली-दुसरीतले मूल वाचनात पुढे, पाठांतरात पक्के असले की त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असेल, अशी शंका शिक्षकांना सहसा येत नाही. ठरीव प्रश्नोत्तरांत हे मूल निभावून नेते. अडते ते मधल्या सुट्टीत, गटकामात आणि वेळापत्रक अचानक बदलल्यावर. निरीक्षण तिथेच करावे. थट्टा शब्दशः घेणे, समोरचा कंटाळला तरी एकाच विषयावर बोलत राहणे, घंटा वाजताच कान झाकणे, अशा नोंदी दोन-तीन आठवडे ठेवाव्यात: आधी काय घडले, मुलाने काय केले, किती वेळ. ‘हट्टी आहे’ असा शेरा तज्ज्ञाच्या काही कामाचा नसतो. मुली बऱ्याचदा इतरांची नक्कल करून अडचण झाकतात, म्हणून त्या नजरेतून सुटतात.

पालकांना नोंदी दाखवाव्यात. निदान सांगणे शिक्षकांचे काम नाही. आधी श्रवणचाचणी, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. स्वमग्नतेची शक्यता तपासणारी ‘एम-चॅट’ प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे. ती सहा वर्षांच्या मुलाला लावून ‘सगळे ठीक’ म्हणण्यात काय अर्थ? शिवाय निदान होईपर्यंत मदत अडवून ठेवू नये. दिवसाचे चित्रमय वेळापत्रक फळ्याशेजारी उद्यापासूनही लावता येते.

– काही विशेष शिक्षक