त्रिकोणाचा रंग अळीसाठी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरिपाची फवारणी तोंडावर आली आहे, म्हणून हे पत्र. कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली ही खूण. वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी.

कळते खरी, पण भलतीच. आमच्या सेलू-मानवत पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात घटकाभर उभे राहा. बोंडअळीला वैतागलेला गडी लाल त्रिकोणाचीच बाटली मागतो. ‘लाल हाय म्हंजी कडक हाय, एका पंपात अळी लोळली पायजे.’ आता हा त्रिकोण अळीबद्दल काहीच सांगत नाही. किती विष पोटात गेलं की चाचणीतले निम्मे प्राणी मरतात, यावर तो ठरतो: वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५,००० च्या वर हिरवा. इशारा फवारणाऱ्याच्या जिवाचा, आणि आम्ही तो वाचतो औषधाचा जोर म्हणून.

हिरव्याची गत निराळी. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. हवामान खात्याच्या नकाशात हिरवा जिल्हा म्हणजे इशारा नाही. तीच नजर डब्यावर पडते आणि औषध उघड्या हातानं कालवलं जातं. पिवळ्याचं तर विचारूच नका! मोबाइलवरचा यलो अलर्ट म्हणजे ‘जरा लक्ष ठेवा’, डब्यावरचा पिवळा म्हणजे जहरात दुसरा नंबर. याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

शिवाय लेबलवर ठळक काय, तर टच्च फुटलेलं कपाशीचं बोंड. त्रिकोण कोपऱ्यात. माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी. मग शेवटी चालतो तो दुकानदाराचा शब्द, ‘पंपाला दोन झाकणं’. हातमोज्यांचं चित्र असतं, दुकानात हातमोजे नसतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला कारणं अनेक होती. पण डब्यावरची खूण कोण कशी वाचतं, हे विचारायला त्यानंतरही आमच्या बांधावर कोणी फिरकलेलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं हे काम अंगावर घ्यावं. पंप पाठीवर घेणाऱ्यांना आणि पाणी आणून औषध कालवून देणाऱ्या बायांना लेबल दाखवून विचारावं, यातून तुम्हाला काय समजलं? कृषी खात्यानं प्रत्येक दुकानात चार रंगांचा मोठा फलक लावावा आणि ‘हा रंग तुमच्या जिवासाठी आहे, अळीसाठी नाही’ एवढं त्यावर लिहावं.

एक मागणं आपल्याकडेही. मागे आपण या त्रिकोणांचा तक्ता छापला होता, पण शेतीचं पान रंगीत नसल्यानं चारही त्रिकोण राखाडी उमटले. यंदा तो पहिल्या पानावर घ्यावा, एखादी जाहिरात सरकवावी लागली तरी.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
सेलू, जि. परभणी