तुमच्या नातीच्या नकाराविषयी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "सोळा वर्षांच्या पोरीला काय कळतंय?" तेव्हा मला बोलता आले नाही, म्हणून आज लिहीत आहे.

तिचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, दुसऱ्यांदा उलटल्यावर डॉक्टरांनी केमोथेरपीची आणखी एक फेरी सुचवली, पण ती लागू पडण्याची आशा फार थोडी आहे, हेही त्यांनी तिच्यासमोरच सांगितले. तिने वहीत लिहून आणलेले प्रश्न एकेक करून विचारले: किती दिवस रुग्णालयात जातील, तोंडात पुन्हा तसेच फोड येतील का, नको म्हटले तर दुखणे कोण थांबवणार. प्रत्येक उत्तरापुढे ती खूण करत होती आणि सुयांनी काळानिळा पडलेला तिचा हात जराही थरथरत नव्हता. रडत होतो तो मी. दोन दिवसांनी तिने नको म्हणून सांगितले.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे बारावे कलम सांगते की मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकावे आणि वय व समज पाहून त्याला महत्त्व द्यावे. इंग्लंडमध्ये तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ मध्ये पुरेशी जाण असलेल्या, सोळा वर्षांखालील मुलाची उपचारांना दिलेली संमती ग्राह्य मानली. १९९२ मध्ये मात्र तिथल्याच अपील न्यायालयाने सोळा वर्षांच्या एका आजारी मुलीचा नकार बाजूला सारला. हो म्हणायला पुरणारी जाण नाही म्हणताना अपुरी कशी ठरते, हे मला उमगत नाही. अर्थात, बरे होण्याची भरवशाची शक्यता असती तर मीही तिचे ऐकले नसते, न्यायालयाचे दारही ठोठावले असते. इथे तशी स्थिती नाही.

बाबा, तिने हार मानलेली नाही. केमो थांबेल, वेदनांवरची औषधे, लागल्यास रक्त आणि डॉक्टरांची देखरेख चालूच राहील. मॉर्फिनचे नाव ऐकून घाबरू नका. तिचे मन बदलले, तर त्या दिवशी पुन्हा बोलता येईल, हे तिने स्वतः डॉक्टरांकडून वदवून घेतले आहे.

वहीतला शेवटचा प्रश्न होता, "आजी-आजोबांना कोण सांगणार?" त्यापुढे मी माझे नाव लिहिले.

आता एकच विनंती. तिला शपथ घालू नका, "आमच्यासाठी एकदा" असे म्हणू नका. तुमच्यासाठी ती हो म्हणेल, याचीच मला भीती वाटते.

तुमचा मुलगा