अक्का, चिल्का तुमच्यामुळे कळलं

प्रिय अक्का,

घरी येऊन आभार मानले तर तुम्ही बशीत चिवडा घालून विषय बदलाल, म्हणून चारचौघांत लिहितेय.

कोणार्क एक्सप्रेसमध्ये सोलापूरपासून आपण समोरासमोर. तुम्ही लेकीकडे ब्रह्मपूरला निघालेल्या, आम्ही दोघं ओडिशातलं चिल्का सरोवर बघायला. शेंगाचटणी-भाकरी खाताखाता तुम्ही म्हणालात, "रंभाला तेलुगू चालतंय, मी येते की." सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू माणसं असं सहज बोलतात, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. आणि तुम्ही नातवाला घेऊन रंभाच्या धक्क्यावर हजर!

डॉल्फिन दिसतील का, असं आम्ही हिंदीत विचारलं तेव्हा नावाडी नुसता "हो हो" करत होता. तुम्ही तेलुगूत विचारल्यावर सरळ उत्तर आलं: इरावती डॉल्फिन बघायचे तर सातपाड्याला जा, इकडे भरवसा नाही. तिथंच आमचा जीव भांड्यात पडला. मग दिवसभर पाण्यात डोळे लावून बसावं लागलं नाही.

दराची घासाघीस तुम्ही केलीच नाही. खेकड्याला काय भाव मिळतो, पोरं शाळेत जातात का, हेच विचारत राहिलात. तो खुलला. ब्रेकफास्ट आयलंडवर फोटो काढून परत, हा नेहमीचा फेरा सोडून त्यानं मोटार बंद केली आणि बांबूला बांधलेला जाळीचा सापळा वर ओढला. तळाशी कोळंबी आणि एक चिडलेला खेकडा. पावसाळ्यात महानदीच्या फाट्यांचं पाणी येऊन सरोवर गोडं होतं, उन्हाळ्यात खारं. समुद्राकडचं तोंड गाळानं भरत गेलं तेव्हा पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. २००० साली नवं तोंड खोदल्यावर ती पुन्हा वाढली. हे सगळं तो बोलला आणि तुम्ही जसंच्या तसं मराठीत सांगितलंत, मध्ये नातवाला "वाकू नको रे" असं दटावत.

पुढं वारकरी पक्ष्यांचा थवाच. काळीकुळकुळीत अंगं, कपाळावर पांढरा टिळा. बोट जवळ जाताच पाण्यावर फटफट पाय आपटत, लांबवर धावत जाऊन उडाली. (नाव वारकरी, पण मासे वर्ज्य नाहीत!) बारकुडा बेटावर पाय नसलेली सापसुरळी असते, १९१७ साली तिची शास्त्रीय नोंद झाली, हे मी वाचून गेले होते. तुम्ही ते नावाड्याला सांगितलंत तर तो हसतच सुटला. त्याच्या मते तो सापच!

बोटीचे पैसेही तुम्ही आम्हाला पूर्ण देऊ दिले नाहीत. ते आता फेडायचेत. फेब्रुवारीत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला करमाळ्याकडून जायचा बेत आहे. गाडी आमची, डबा तुमचा. चटणी जरा जास्त आणा. नातवालाही घ्या.

तुमची,
रेल्वेतली शेजारीण